सोफियाच्या मशिदीत आम्ही दोघीच गेलो

आधीच सांगते, हा लेख रागात लिहिलाय. बल्गेरियाला जाणाऱ्यांना माहिती मिळेल, पण राग गाळून ती देणं मला जमणार नाही.

मी राजुरीची. जुन्नरची जुबेदा आणि मी एकाच सरकारी दवाखान्यात नर्स होतो. निवृत्तीनंतर दोघींनी बाल्कनची सहल बुक केली. वीस जण, सगळे तालुक्यातलेच. आळेफाट्यावरून माळशेजमार्गे मुंबई, मग इस्तंबूलला विमान बदलून सोफिया.

पहिला दिवस झकास गेला. सोनेरी घुमटांचं चर्च, जमिनीखाली सापडलेले रोमन रस्ते, दुपारी वरून पांढरं चीज किसलेलं काकडी-टोमॅटोचं सॅलड. दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमात बान्या बाशी मशीद छापलेली होती. जुबेदानं ही सहल निवडली होती ती त्यासाठीच.

सकाळी बसमध्ये टूर मॅनेजर म्हणाला, "मशीद बाहेरूनच बघू. तो वेळ शॉपिंगला देऊ. चालेल ना?"

मागून एक काका ओरडले, "चालंल राव! आन् जुबेदाबाईंना जुन्नरात रोजच दिसतीय की मशीद!"

बस हसली. मीही हसले. जुबेदा खिडकीबाहेर बघत राहिली.

मशिदीपाशी बस थांबली तशी ती उठली. "मंगल, तू बस. मी जाऊन येते."

"वीस मिनिटं," मॅनेजर म्हणाला. "नंतर बस थांबणार नाही."

मी तिच्यामागे उतरले.

मशीद सोळाव्या शतकातली, उस्मानी तुर्कांच्या काळातली. लाल विटा, एक मोठा घुमट, एकच मिनार. भोवती गरम पाण्याचे झरे, त्यावरच्या हमामांवरून, म्हणजे स्नानगृहांवरून, 'बान्या' हे नाव पडलं. शहरात एकेकाळी कितीतरी मशिदी होत्या, आज नमाज होते ती एवढीच. प्रवेश फुकट. चपला बाहेर काढायच्या, बायकांना दारात टोपीचा झगा देतात.

आत गालिचा मऊ, भिंतींवर निळ्या फरशा. एका म्हातारीनं तुर्कीत विचारलं, "हिंदिस्तान?" आणि जुबेदाचा हात धरून बायकांची जागा दाखवली. जुबेदाची नमाज होईपर्यंत मी मागे बसून राहिले.

उठल्यावर जुबेदा म्हणाली, "लोक हसले त्याचं काय न्हाई. तू का हसलीस?"

मी झग्याची टोपी सारखी करत राहिले.

बाहेर आलो तर बस गेलेली! पंचवीस मिनिटं झाली होती. सेर्दिका स्टेशन समोरच आहे, तिथून मेट्रोनं हॉटेल गाठलं.

रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि मॅनेजरला म्हणाले, "छापलेलं ठिकाण बघितलं म्हणून दोन बायकांना परक्या शहरात सोडून जाता? आणि काका, तुमी काय बोललात ते आठवतं का?"

"आवो, मस्करी केली. येवढं काय त्यात?"

"तिला हसू आलं का? मीही हसले, ते माझं चुकलं. जुबेदा, माफ कर. काका, आता तुमी बोला."

काकांनी ताटात मान घातली. बाकीचे जेवत राहिले.

घरी येऊन कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं, 'ठिकाण बाहेरून दाखवले होते.' सहलीच्या ग्रुपवर मात्र अजून रोज सुप्रभात येतं.

परवा जुबेदाला विचारलं, पुढच्या वर्षी कुठं जायचं?

"जाऊ की कुठंबी," ती म्हणाली. "पण आपल्या गावची माणसं नकोत."

तीस वर्षं याच माणसांना तिनं इंजेक्शनं दिली. त्यांच्याविषयी असं बोलताना तिचा आवाज अगदी साधा होता, आणि माझा राग अजून त्या आवाजापाशीच अडकलाय.