ताटलीतले फुटाणे

आग विझवायला मला कधी भीती वाटली नाही. पेन हातात दिलं की मात्र माझी बोबडी वळायची. कोल्हापुरात फायर स्टेशनला मी साधा फायरमन म्हणून लागलो होतो, आणि वरच्या जागेसाठी लेखी परीक्षा द्यावी लागे. त्यात एक कल्पनेतली आग देत. इमारत अशी, वारा असा, पाणी इतकं, माणसं एवढी. माणसांची वाटणी करा आणि कारणं लिहा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दोनदा मी तोंडावर आपटलो होतो आणि वयाच्या अटीमुळं तिसरी खेप शेवटची होती.

पास झालो हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. माझा टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी.

शिवाजी पेठेत आमचे एक निवृत्त साहेब राहायचे. परीक्षेला बसणाऱ्यांची ते फुकट तयारी करून घेतात असं ऐकून मी गेलो. दुपारची वेळ होती. खोलीत साहेब, त्यांच्या मंडळी म्हणजे आमच्या काकी, आणि भिंतीवर खाकी कपड्यातल्या एका तरुण माणसाचा फोटो. फोटोला ताजा हार. मुलगा असावा असं मी मनाशी धरलं आणि विचारलं नाही. काकींनी चहा दिला, मग न सांगताच एक पितळी ताटली आणि वाटीत फुटाणे आणून ठेवले. मला वाटलं खायला आहेत. मी हात पुढं केला.

"थांब की," साहेब म्हणाले. "ती माणसं हायत."

त्यांनी काड्यापेट्या मांडून ताटलीत वखार केली. शाहूपुरीतली गुळाची वखार, वर पत्रा, आत लाकडी माळा, दारात अडत्या माल वाचवा म्हणून ओरडतोय, पाणी एका बंबाचं. मग एकेक फुटाणा माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "नाव घे. फायरमन नंबर अमुक असलं चालायचं न्हाय. हुकूम माणसाला देतात, नंबराला न्हाय."

मी आमच्या स्टेशनातल्या माणसांची नावं घेतली. इथं लिहीत नाही. तेव्हा घेतली तेवढी पुरे झाली. शिडीवर हा, नळीवर हे दोघं, आत माळ्याखाली हा. साहेब डोळे मिटून बसले. मग ताटलीवर बोट फिरवलं, माळ्याखालचा फुटाणा उचलला, म्हणाले, "ह्यो मेला," आणि तोंडात टाकला.

कुडुम असा आवाज झाला. मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण ते हसत नव्हते.

रोज तेच. आग तीच, वखार तीच. मी वाटणी बदलून नेई. आत दोघं पाठवले, एक मेला. दोर बांधून पाठवला, तरी मेला. मागचं दार फोडून पाठवला, तर माळा कोसळला. रोज साहेब डोळे मिटायचे, एक फुटाणा खायचे आणि तो कसा गेला ते सांगायचे. गूळ वितळून जमिनीवर पसरतो, बूट धरून ठेवतो, डावा पाय आधी अडकतो. एकदा म्हणाले, "तिसऱ्या थप्पीपाशी वळला, तितं फसला." मी म्हणालो, "साहेब, प्रश्नात थप्प्या किती ते कुठं दिलंय?" "हायत," एवढंच म्हणाले. त्या खोलीत मला काकवीचा करपट वास यायला लागला होता. चूल तर थंड होती.

उठायच्या वेळी काकी ताटली न्यायला येत. तोंडानं अवाक्षर नाही. फक्त उरलेल्या फुटाण्यांवरून नजर फिरवत आणि आत जात. ते मला सगळ्यात जास्त छळायचं.

स्टेशनात ही गोष्ट फुटली, आणि फोडणारा माझा मेव्हणाच; घरी मी बायकोला सांगायचो ते तो ऐकायचा. माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ, माझ्याच ओळखीनं स्टेशनात चिकटलेला, तोंडानं वाह्यात. बंब पुसता पुसता सगळ्यांसमोर विचारायचा, "काय दाजी, आज कुणाला खाल्लं?" पहिल्यांदा सगळे खिदळले. मग हळूहळू, ज्याचं नाव मी आदल्या दिवशी आत घातलेलं असे तो माझ्या शेजारी जेवायला बसेना. एका जुन्या फायरमननं तर हात जोडले. "माझं नाव घेऊ नगासा, लेकरं हायत मला." मी त्याला शिव्या घातल्या. मनातून मात्र चरकलो.

मेव्हण्याला मी कायम बाहेर ठेवायचो, बंबाच्या पंपावर. साहेबांच्या ते नजरेत आलं होतं. एके दिवशी त्यांनी पंपावरचा फुटाणा बोटानं ढकलत वखारीत नेला. "आज ह्यो आत." मी काही बोलायच्या आधी त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि फुटाणा तोंडात टाकला. "डावा पाय," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात गडमुडशिंगीकडं गवताची गंजी पेटली. विझली म्हणून मेव्हणा वर चढला आणि आतल्या निखाऱ्यात त्याचा पाय बुटासकट रुतला. डावा. थोडक्यात निभावलं, पायाला पट्टी बांधून लंगडत घरी आला. येऊन वर म्हणतो, "दाजी, म्हाताऱ्याला दात न्हाईत वाटतं, अर्धाच खाल्ला मला." असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही, पण त्या दिवशी मी त्याच्या पायाकडं बघू शकलो नाही हे खरं आहे.

बायकोनं मेव्हण्यासमोर काही विचारलं नाही. तो गेल्यावर म्हणाली, "अहो, साहेब व्हा नाहीतर राहू दे. माझ्या भावाचं नाव त्या ताटलीत परत घेतलंत तर माझ्याशी बोलू नका."

तरी मी गेलो. परीक्षा तोंडावर होती, आणि खरं सांगायचं तर एवढ्या दिवसांत माझ्या हातून एकदाही सगळी माणसं जिवंत सुटली नव्हती. उद्या साहेब झालो तर हे फुटाणे नसतील, ही पोरं असतील, आणि त्यांत मेव्हणा असेल. ह्याची मला मरणाची भीती वाटत होती.

साहेबांनी ताटली मांडली. सगळ्यांची नावं घेऊन झाली. "आत कोण?" त्यांनी विचारलं. हातात एकच फुटाणा उरला होता, आणि तो कुणाचा ते दोघांनाही ठाऊक होतं.

मी तो फुटाणा परत बंबापाशी ठेवला. मी म्हणालो, "कुणी न्हाय."

"वाटणी कर म्हटलंय प्रश्नात."

"केली की. समदी भाईर. शेजारच्या वखारी भिजवायच्या, दारात वाळू टाकून गूळ अडवायचा."

"अडत्या बोंबलतोय."

"बोंबलू दे."

"माल जळतोय."

"जळू दे. गूळच हाय."

"लोकं म्हणतील, बांगड्या भरा. अख्खी पेठ म्हणंल."

"भरू," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. आमच्याकडं आगीपुढून मागं सरणं म्हणजे नाक कापून घेणं. म्हणून तर एवढ्या दिवसांत हे उत्तर मला सुचलंच नव्हतं, आणि माझ्या आधी तिथं येऊन गेलेल्या कुणालाही सुचलं नसावं. वाटणी म्हटली की एक आत जाणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

साहेबांनी डोळे मिटले. मग त्यांचं बोट ताटलीवरून फिरायला लागलं, एका फुटाण्यावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. कुठं थांबेना. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवला.

काकी ताटली न्यायला आल्या. नेहमीसारखी नजर फिरवली आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"आज समदी माघारी आली व्हय?"

"आली," साहेब म्हणाले.

काकींनी भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. रागानं नाही, अगदी साधं विचारल्यासारखं विचारलं.

"मग माझ्या भावाला का धाडला हुता आत?"