एका कान्याचा घोळ आणि समुद्रावरचा मनोरा

आमच्या घरातलं एक भांडण माझ्याच वयाचं आहे. मी जन्मले त्या हिवाळ्यात बाबा मजुरी शोधत घराबाहेर पडले आणि थेट कोकणात पोहोचले, नव्या दीपगृहाच्या बांधकामावर. तिथून त्यांनी गावातल्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला, ‘मनोऱ्यावर काम लागलं, होळीपर्यंत येत नाई.’ दुकानदाराने मायला सांगितलं, ‘तुहा नवरा मानोऱ्यात हाये, होळीपर्यंत येत नाई.’

आता मानोरा म्हणजे आमचं तालुक्याचं गाव, एसटीने अर्धा तास. घरात ओली बाळंतीण, आणि नवरा अर्ध्या तासावरून लेकीचं तोंड पाहायला येत नाही! मायने मामाला धाडलं. मामाने सगळी बाजारपेठ पालथी घातली, बाबा काही सापडले नाहीत. होळीला बाबा नारळांचं पोतं घेऊन उगवले, समुद्राच्या गोष्टी सांगू लागले, तर माय म्हणाली, ‘नारळ मानोऱ्याच्या बाजारातई भेटते.’ तेव्हापासून घरात कुणी थाप मारली की ‘झाला याचा मनोरा सुरू’ असंच म्हणतात. बाबाही हसतात. पण मायच्या हसण्यात एक खडा आहे, तो मी लहानपणापासून ऐकत आले.

यंदा बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. दिवाळीनंतरची सुट्टी टाकली आणि दोघांना घेऊन निघाले.

ज्यांना आमच्या भागातून जायचंय त्यांच्यासाठी: वाशीमहून संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्स सुटतात, सकाळी पुणे. तिथून रत्नागिरीची एसटी, दिवस मोडतो, घाटात पोट सांभाळा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरने बाबांचं पूर्ण तिकीट फाडलं तेव्हा माय भलतीच खूश झाली. शिदोरीला ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी होती. ती दीड दिवस पुरली. रत्नागिरीहून पुढे खाडीकाठच्या गावापर्यंत रिक्षा करावी लागते. भाडं आधी ठरवून घ्या.

मुक्काम एका घरगुती खानावळीच्या वरच्या खोलीत होता. स्वच्छ, स्वस्त, खिडकीतून माडांचे शेंडे. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. मायने सोलकढीकडे संशयाने पाहिलं. ‘हे ताक गुलाबी काहून हाये?’ मग तीन वाट्या प्यायली. बाबांनी मात्र तळलेला बांगडा घेतला आणि असा सोलला की काटा अख्खा एका बाजूला. आमच्याकडे कधीमधी तळ्यातला मासा खातात, तोही बाबा खात नाहीत. माय त्या काट्याकडे बघत राहिली.

दीपगृह गावाबाहेर, कातळाच्या टोकावर आहे. पाहुण्यांना चारनंतर सोडतात आणि सूर्य बुडायच्या आत खाली उतरवतात. नाममात्र तिकीट आहे. सुट्टीचा वार आधी विचारून जा. तिथल्या साहेबांना समजावून सांगायची हौस होती. शेजारीच जुन्या दीपगृहाचं दगडी जोतं आहे. तिथे रॉकेलचा दिवा होता आणि भिंग फिरवायला घड्याळासारखी वजनं, ती रखवालदार हाताने वर ओढायचे. तो मनोरा बुटका होता, खाऱ्या वाऱ्याने खचला, म्हणून हा नवा काँक्रीटचा बांधला. गोल अशासाठी की वारा कोपऱ्यावर आपटत नाही, सरकून जातो. तांबडे-पांढरे पट्टे दिवसा ओळखू यावं म्हणून. आणि रात्रीची ओळख उजेडाच्या ठेक्यातून. दोन झपके, मग काळोख, पुन्हा दोन. शेजारच्या दीपगृहाचा ठेका वेगळा. वर दिवसा पडदे ओढलेले असतात, नाहीतर तेच भिंग उन्हाने आतली वस्तू जाळेल.

‘आता मोठ्या जहाजांना उपग्रह वाट दाखवतात,’ साहेब म्हणाले, ‘पण होडीवाले अजून याच्याकडेच बघतात.’

बाबा मान वर करून उभे होते. दहा-अकरा मजल्यांचा मनोरा, ज्याच्यावर त्यांनी घमेली वाहिली, त्याच्या जिन्याच्या चारच पायऱ्या चढून ते परत उतरले आणि बाहेरच्या कठड्यावर बसले. गुडघे नाही म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

‘तुमी दोघी जा,’ ते म्हणाले. मग मायला, ‘तिसऱ्या खिडकीच्या वरतं दुसरी पायरी उंच हाये. पाय उचलून टाकजो. स्लॅबच्या दिवशी साच्याची फळी सरकली होती.’

‘चाल वं,’ माय मला म्हणाली, ‘ह्याईचा मनोरा सुरू झाला.’

गोल गोल जिना. पुढे साहेब, मध्ये मी, मागे माय धापा टाकत. तिसरी खिडकी आली. मी बाबांचं बोलणं विसरले होते आणि ठेचकाळलेच. साहेब वळून म्हणाले, ‘सांभाळा, नवीन माणूस इथेच अडखळतो. दोन बोटं उंच आहे ती.’

मी मागे पाहिलं. मायने पाय आधीच उचलून धरला होता, आणि तसाच हवेत ठेवून ती उभी होती. मग पाय खाली घेतला, वाकली आणि ती पायरी बाकीच्यांपेक्षा किती उंच ते बोटांनी मोजलं. दोन बोटं. ती तिथेच बसली.

‘होते वं ते इथं,’ ती म्हणाली. ‘खरंच होते.’

वर जाऊन तिने समुद्र पाहिला, पण तिचं लक्ष खालीच होतं. पायथ्याशी बसलेल्या बाबांची पांढरी टोपी ती शोधत होती.

खाली आलो. माय बाबांच्या शेजारी कठड्यावर बसली. ‘मंग एवढे वर्सं जोरानं काहून नाई सांगतलं?’

‘सांगतलं ना. तू ऐकून राह्यली होती का?’

‘पोरगी झाली तवा मी रोज सडकेकडे पाहत होती. वाटे, अर्ध्या घंट्यावर हाये अन् येत नाई. लय दुखलं मले.’

‘मले कुठं ठाऊक पोरगी झाली म्हून? होळीले आलो तवाच समजलं.’

माय रडली. पदराने तोंड पुसून मग तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

सूर्य बुडाला आणि वर दिवा लागला. बाबांनी तो कधीच पाहिला नव्हता, दिवा बसायच्या आधीच मजुरांना सुट्टी झाली होती. दोन झपके, काळोख, दोन झपके. बाबा ओठांत मोजत होते. डास फोडून काढत होते, तरी कुणी उठेना.

परतीचा प्रवास तोच, फक्त शिदोरीऐवजी नारळ. आता विचार करते, या सहलीतून काय उरलं? फोटो धड आले नाहीत, समुद्रात कुणी पाऊलही भिजवलं नाही. पण मायच्या हसण्यातला तो खडा गेला. घर शांत वाटतंय.

गावात उतरलो तेव्हा फाट्यावर शेजारच्या काकू भेटल्या. पिशव्या पाहून त्यांनी विचारलं, ‘काहो बाई, कुठी गेल्ते?’

‘मनोऱ्याले,’ माय म्हणाली.

‘मानोऱ्याले? मंग चार दिवस कायले लागले?’

मायने पिशवी खाली ठेवली. ‘मा नाई वं, म. मनोरा. आमच्या ह्याईनं बांधला तो.’