तारा बदलायच्या नाहीत

दत्ताभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौक गावातल्या माझ्या गॅरेजमध्ये एका टेंपोखाली पडलो होतो. तसाच काळ्या हातांनी कर्जतला पोचलो. तिथे जो तो म्हणत होता, "सुटला बिचारा." मला राग आला, अजूनही आहे. दत्ताभाऊ बिचारा नव्हता आणि त्याला सुटायचं तर मुळीच नव्हतं.

जहाजावर वायरलेस ऑपरेटर म्हणून उभी हयात काढून तो भातशेतीवर परतला, पण टिंब-रेघांचं मोर्स काही सुटलं नाही. घराच्या माडीवर दूरदूरच्या लोकांशी बोलायचा हौशी रेडिओ लावला, मलाही ते वेड लावलं. संदेश वाजवायच्या त्याच्या चावीला दोन पाती. उजव्या अंगठ्याने एक दाबलं की टिंब, बोटाने दुसरं दाबलं की रेघ. जुने सोबती त्याने नाव सांगण्याआधीच वाजवण्याच्या ढंगावरून त्याचा हात ओळखायचे, आणि त्याचा त्याला भारी माज होता. मग अर्धांगवायू झाला आणि नेमका तोच हात गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल अशी आशा धरू नका.

डाव्या हाताला ती चावी उलटी पडते. अंगठ्याखाली रेघ येते, बोटाखाली टिंब. दोन तारांची अदलाबदल केली की झालं, चहा निवायच्या आत होणारं काम. मी सामान घेऊन गेलो तर त्याने चावीच उचलून मांडीत घेतली.

"तारांना हात लावायचा नाय."

"भाऊ, पण डाव्या हाताला..."

"डाव्याला शिकू दे. तारा बदलल्या म्हंजी उजवा गेला असं मीच कबूल केलं. मी नाय करनार, रं."

मग वर्षभर ते उलटं वाजवणं चाललं. डोकं टिंब म्हणायचं, हात रेघ काढायचा. मोर्समध्ये चुकलं की चुकल्याची खूण देऊन पुढे जायचं असा रिवाज. भाऊ जहाजावर असल्यापासून ती खूण कधीच देत नसे, रागारागाने अख्खा शब्द पहिल्यापासून पाठवायचा. कोचीच्या एका जुन्या मित्राने तर त्याला नवशिका समजून विचारलं, सावकाश पाठवू का? भाऊ त्या दिवशी जेवला नाही. पण महिन्याभराने तोच मित्र मध्येच थांबला आणि त्याने विचारलं, "दत्ता, तूच ना?" सगळा शब्द पुन्हा पाठवणारा हट्टी माणूस त्याला दुसरा माहीत नव्हता. भाऊच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं... उजवा हात काही आला नाही. तारा तशाच राहिल्या.

परवा वहिनींना भेटायला गेलो. म्हणाल्या, "वर जाऊन वाजव जरा. घर लई गप झालंय." रेडिओवरून बाहेर काही जाणार नाही असं करून नुसता चावीचा आवाज चालू केला. माझ्या उजव्या हाताने सगळं बिनचूक वाजलं. ज्या तारांशी भाऊ वर्षभर भांडला, त्या मला फुकट वश झाल्या. मला ते सहन होईना.

मी हात बदलला. पहिलाच शब्द चुकला, पुन्हा पाठवला, पुन्हा चुकला. तेव्हा जिन्याच्या तळाशी वहिनी येऊन उभ्या राहिल्या.

"हां... आता त्यांच्यावानी वाजतंय. थांबू नको."