अण्णांची अर्धी कॉफी

आमच्या बनशंकरीच्या घरात आता कॉफी होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घराबद्दल असं वाक्य लिहावं लागेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पितळी फिल्टर मी माळ्यावर टाकलाय. पुडीचा डबा घासूनपुसून त्यात हरभऱ्याची डाळ भरलीय. डाळीला अजून कॉफीचाच वास येतो.

आईला आम्ही अक्का म्हणतो आणि वडिलांना अण्णा. त्या दोघांनी अख्खी कॉफी कधी एकट्यानं प्यायली नाही. इथल्या हॉटेलांत एक कॉफी मागवून दोन पेल्यांत वाटून घ्यायची पद्धत आहे, बाय-टू म्हणतात तिला. लग्नानंतर काटकसर म्हणून सुरू झालं असेल; पुढं बरे दिवस आले तरी सुटलं नाही. घरीसुद्धा अक्का एकच पेला करायची, अर्धी दुसऱ्यात ओतायची आणि अण्णांपुढं सरकवायची. अण्णा मुलखाचे अबोल. त्यांच्या संसारात प्रेम म्हणून जे काही दिसलं, ते मी एवढंच पाहिलं.

अण्णा गेले आणि अक्काचं विसरणं सुरू झालं. कॉफी प्यायली हेच ती विसरायची, की पुन्हा दूध गॅसवर. दर वेळी अर्धी कॉफी अण्णांच्या पेल्यात. साय धरलेली ती कॉफी मी ऑफिसातून आले की मोरीत ओतायची. दुपारपर्यंत तिचे हात थरथरायला लागायचे. ती फाटकाशी जाऊन उभी राहायची, येणाऱ्याजाणाऱ्याला अण्णांना पाहिलंत का म्हणून विचारायची. शेजारच्या बाई तिला हाताला धरून घरात आणायच्या आणि मला फोन करायच्या.

डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. गोड बोलणाऱ्या डॉक्टरांचा मला एरवी संताप येतो, पण या माणसानं निदान फसवलं नाही. इतक्या कॉफीनं छातीत धडधड वाढते, धडधडीनं भीती वाढते, आणि घाबरलेल्या माणसाला होतं तेवढंही आठवेनासं होतं, असं त्यांनी समजावलं. कॉफी हळूहळू बंद करा म्हणाले. मी विचारलं, म्हणजे आठवण परत येईल?

"भीती कमी होईल," ते म्हणाले. "आठवणीचं मी सांगू शकत नाही."

पुडीच्या दुकानात कॉफीत चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड, किती घालायची ते गिऱ्हाईक सांगतं; तिच्यानं धडधड होत नाही. मी दर खेपेला वाढवत नेली, शेवटी नुसती चिकोरीच आणली. स्वतःच्या हुशारीवर खूश होते. माझं नाव जिच्या तोंडात कधीमधीच यायचं, त्या बाईनं पहिल्याच घोटाला पेला खाली ठेवला आणि काढा कुणी केला म्हणून विचारलं. मग सरळ नाचणीचं माल्ट सुरू केलं. काही दिवस तिचं डोकं दुखलं, चिडचिड झाली. नंतर ती शांत झाली.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. येलहंक्याचा भाऊ फोनवर तिचा चेहरा बघून म्हणाला, किती छान दिसतेय. दिसतच होती. फाटकाशी जाणं थांबलं होतं, झोप लागत होती. अण्णांचं नाव काढत नव्हती. माल्टचा पेला एकटीच संपवत होती. मला अहो-जाहो करत होती.

आणि मी? मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्यानं कडक कॉफी प्यायची, एकीवर दुसरी. आपणही अशाच होणार ही भीती घालवायला प्यायची, आणि ऑफिसात पोचेपर्यंत छाती धडधडायची. घराला कुलूप लावलं की नाही ते आठवायचं नाही. डॉक्टरांचं सगळं ऐकलेली बाई मी. कळतं, पण वळत नाही.

एका रविवारी सकाळी मला तिचं ते अहो-जाहो सहन होईना. मी फिल्टर खाली काढला, खरी पूड आणली, डिकॉक्शन उतरवलं, दूध घालून पेलाभर कॉफी केली. हाक न मारता अक्का स्वयंपाकघरात आली. तिनं पेला उचलला, फळीवरून दुसरा घेतला आणि अर्धी कॉफी ओतली. एक थेंब सांडला नाही.

"अण्णांना हाक मार," ती म्हणाली. "निवतेय." आणि मला नावानं म्हणाली, माझ्या घरच्या नावानं, "तूही घे स्वल्प, घोटभर."

मी ओट्याला धरून रडले. ती आठवण कॉफीची, वासाची की हातांच्या सवयीची, मला ठाऊक नाही. मला एवढंच कळलं, की माझी आई परत आली होती. दुपारी तिनं पुन्हा मागितली आणि मी पुन्हा दिली. संध्याकाळी ती फाटक बडवत होती. नवऱ्याला कुठं नेलंत, ही कोण बाई मला कोंडून ठेवते, असं रस्त्याला ओरडून सांगत होती. मी तिचं मनगट धरलं तेव्हा तिची नाडी माझ्या बोटांखाली धावत होती. अण्णा गेले, मी सांगून टाकलं. तिच्यापुरतं तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं. ती माझ्या अंगावर कोसळून रडली आणि रडतानाही मला ओळखलं नाही.

सोमवारपासून पुन्हा माल्ट. ती शांत आहे.

परवा ती खिडकीशी बसून पीत होती. मी शेजारी बसले, रिकामा पेला तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, अक्का, मलाही स्वल्प दे. तिनं माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. मग आपला पेला दोन्ही हातांनी जवळ ओढला आणि माझ्यावरची नजर न काढता सगळं माल्ट पिऊन टाकलं.