लांब बसवलेला रिषभ

मी पायपेटीवरून हात काढले तोच देशमुखांनी तिच्यावर तांब्याभर गोमूत्र ओतलं. माझ्या देखत. साऱ्या पाहुण्यांसमोर.

देऊळघाटला देशमुखांच्या घरचं लग्न होतं. आम्ही मांग. या गावाची सनई पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरची. देशमुखांनी मुंबईहून पेटी आणली, पण दोन्ही हातांनी वाजवणारं कुणी नव्हतं. मी बुलढाण्याला मिशनच्या शाळेत गोऱ्या मेमकडे पेटी शिकले होते. नागपूरचे साहेबलोक येणार, थाट तर दाखवायचा. म्हणून पेटी मांडवाबाहेर, पाहुण्यांनी काढलेल्या जोड्यांशेजारी ठेवली आणि मला बसवलं.

मी मेमनं शिकवलेलं वाजवलं. सा, कोमल ग आणि पंचम एकदम दाबायचे. मेम त्याला मायनर कॉर्ड म्हणायची. त्यावर कोमल नी चढवला की उदासी दाट होते. त्याच्याही वर रे, म्हणजे रिषभ. "रे वरच्या सप्तकातच ठेव," मेम सांगायची. "गच्या शेजारी आणलास तर भांडतो. लांबून गोड लागतो." मी तसाच ठेवला. साहेबानं मान डोलावली.

मग ते गोमूत्र.

संध्याकाळी पुन्हा फर्माईश झाली. पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्या भिजलेल्या. नुसती खरखर.

"तुह्या पोरीनं पेटी नासवली बे!" देशमुख बाबांच्या अंगावर धावले.

बाबांनी पागोटं काढून मातीत ठेवलं. "चुकलं, मायबाप."

काय चुकलं? माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणाले, "मीनं नाई नासवली. तुमच्या गोमूतरानं नासली."

त्या दिवसापासून गावानं बाबांना सनईला बोलावलं नाही. देशमुखांचा निरोप आला, पोरीनं येऊन नाक घासावं, मग काम मिळेल. बाबा एवढंच म्हणाले, "काऊन बोलली वं?" आणि सनई फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगली.

मी गेले नाही. बाबा लोकांच्या कापसाच्या पऱ्हाटीत राबायला लागले. जेवताना त्यांची बोटं भाकरीवर सनईसारखी हलायची. मला बघवायचं नाही. त्यांच्या तोंडचा घास मी काढला. मन खातं मला, आजही. माफी मागायची तर बाबांची मागेन. देशमुखांची नाही.

मिशनच्या प्रार्थनेला मी अजून पेटी वाजवते. रे खाली आणते, कोमल गच्या अगदी शेजारी. मेमच्या कपाळाला आठ्या पडतात. "लांब ठेव," ती म्हणते.

मी ठेवत नाही. भांडतो तर भांडू दे. तो तिथंच बसेल.