पोकळ फरशीखालचे धान

दसाराम मिस्त्री कामावर आले की आधी चपला काढत आणि ज्या खोलीत फरशी बसवायची असेल त्या खोलीत डोळे मिटून, टाचांवर भार देत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. आमच्या स्वयंपाकघरातली जुनी फरशी तेव्हा नुकतीच उखडलेली होती. खाली खडी आणि सिमेंटची टोकदार ढेकळे. त्यावरून साठी ओलांडलेला हा माणूस अनवाणी चालत होता आणि मी दारात मोजमापांचा कागद घेऊन उभा होतो.

"लेव्हलची नळी आणली नाही का?" मी विचारले.

"आनली हाय, बाबूजी. नळी पान्याचा उतार सांगते. घरचा मानूस कुठं उभा रायते, कुठं बसते, हे टाच सांगते." मग डोळे उघडून ते माझ्या पत्नीला म्हणाले, "बाई, तुमी या कोपऱ्यात पाट टाकून बसता न भाजी चिरायले?" निर्मला तिथेच बसत असे.

आमगावच्या दिवाणी न्यायालयात मी तीसेक वर्षे लिपिक होतो. निवृत्तीनंतर माणसे देवदर्शनाला लागतात. मी अर्ज-विनंत्यांना लागलो. गटारीचा तुटलेला ढापा, वेळेआधी बंद होणारी तिकीटखिडकी, विजेच्या देयकातला चुकीचा आकार, या प्रत्येकाविषयी माझ्या कपाटात एकेक धारिका आहे, पोचपावतीसह. फरशीही मी अशीच घेतली. गोंदियाच्या दुकानदाराने "अंकल, दस साल की गारंटी है, आँख मूँदके ले जाओ" असे सांगितले, तेव्हा मी डोळे न मिटता ते वाक्य त्याच्याकडून पावतीवर लिहून घेतले आणि खाली शिक्का मारायला लावला.

बसवण्याचे काम चार दिवस चालले. दसाराम प्रत्येक फरशीखाली थापीने सिमेंटचा मसाला असा पसरत, जसा कुणी भाकरीवर लोण्याचा गोळा कडेपर्यंत नेतो. रबरी हातोडीने ठोकून कान लावत. "बोलली का उचलायची," ते म्हणत. बोलली म्हणजे पोकळ वाजली. तीन-चार फरशा त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा उचलल्या, मी काही म्हणालो नसताना.

शेवटच्या दिवशी ओट्याजवळच्या कोपऱ्यात एकच जागा उरली आणि पेटीतली शेवटची फरशी तडकलेली निघाली. दसाराम सायकलवरून आपल्या घरी गेले आणि तंतोतंत तशीच एक घेऊन आले. जुन्या कुठल्या कामावरची, त्याच कंपनीची, पण आधीच्या खेपेतली. ती बसवण्यापूर्वी त्यांनी निर्मलेकडे मूठभर धान मागितले.

"तांदूळ नोको बाई, धानच द्या. फोलासकट."

मसाल्यात त्यांनी वाटीएवढा खळगा केला, त्यात धान ओतले आणि वर फरशी ठेवली. मी हातोडी मारून पाहिली. ढब, असा आवाज आला.

"ही बोलते," मी म्हणालो.

"बोलनारच. धानाले हवा लागते."

"हे आपल्या ठरावाच्या कोणत्या कलमात बसते, मिस्त्री?"

"माया उस्तादाच्या कलमात," ते शांतपणे म्हणाले. "सयपाकखोलीच्या पोटात दाना पायजे, बाबूजी. मंग दारचा मानूस उपाशी जात नाई." निर्मला हसली आणि तिने त्यांना आणखी एक चहा दिला. मी बहुमताने हरलो.

दीड वर्षात फरशीची कातडी सोलायला लागली. आधी मसुराएवढे टवके, मग नाण्याएवढे. चकाकी जाऊन खालची खरबरीत माती दिसू लागली, तिच्यात हळद बसू लागली, आणि निर्मला रोज घासून घासून रडकुंडीला आली. मी कंपनीला पहिले पत्र नम्र लिहिले, दुसरे सविस्तर आणि तिसरे असे लिहिले की टपाल कार्यालयातल्या बाईंनी लिफाफा घेताना मला पाणी विचारले. तेव्हा कुठे कंपनीचा एक तरुण तपासनीस आला. निर्मला त्याच्यासाठी ओट्यावर चहा करत होती, म्हणून तो तिथेच कोपऱ्यात उभा राहिला, पायाखालच्या फरशीवर किल्ली वाजवली, ढब आवाज ऐकला, लिहून घेतला आणि चहा पिऊन गेला. त्याने फक्त तीच एक फरशी वाजवली होती. पंधरा दिवसांनी उत्तर आले: 'सदर दोष फरशी सदोष पद्धतीने बसवल्यामुळे उद्भवला असून हमीच्या अटींत बसत नाही.'

माझा संताप कसा होता ते लिहिण्यासाठी मला वेगळा कागद लागेल. पण त्या एका ओळीने खरा घाव घातला तो दसारामांवर. उत्तराची प्रत दुकानदारालाही गेली होती; त्याने ती आल्या-गेल्याला दाखवली. आमगावात बातमी टवक्यांपेक्षा वेगाने पसरली. ठरलेली दोन कामे त्यांच्या हातून गेली. एका घरी तर मालकीणबाईंनी दारातच सांगितले, "मिस्त्री, तुमी धान पेरता म्हनते न फरशीखाली? आमाले शेती नाई करायची."

मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फरशीचे छायाचित्र काढून क्रमांक दिले आणि त्यातून कोपऱ्यातल्या फरशीचे छायाचित्र तेवढे वगळून स्वतःजवळ ठेवले. कारण सरळ होते. ती पोकळ होती आणि वर अगदी धडधाकट होती. पोकळ म्हणजे काम सदोष, धडधाकट म्हणजे माल निर्दोष; दोन्ही गोष्टी माझ्या विरुद्ध जाणाऱ्या. मग मी दसारामांसाठी शपथपत्र तयार केले: 'मी सर्व फरशा एकसारख्या व भरीव बसवल्या.' ते चष्मा लावून पुटपुटत वाचत गेले आणि त्या ओळीवर थांबले.

"हे नाई जमत, बाबूजी. एक पोकळ हाय."

"मिस्त्री, विरुद्ध पक्षाच्या हातात आपण होऊन कोलीत का द्यायचे?"

"मी कुठं कोलीत देऊन रायलो? हाय थे सांगून रायलो."

"या एका शब्दापायी तुमचे नाव जाईल."

"नाव गेलंच हाय. आता खोटं बोलून वापस आनलं, त मले कसं समजंल का मायावालंच आलं?"

त्यांनी पेन टोपण लावून परत केले. मी त्यांना घालूनपाडून बोललो. तीस वर्षांचा अनुभव, अडाणीपणा, कृतघ्नता असे शब्द वापरले. त्यांनी चपला घातल्या आणि निर्मलेला म्हणाले, "बाई, यायले गूळपानी द्या. बीपी वाढवून घेऊन रायले."

सुनावणीला मी एकटाच गोंदियाला गेलो. पुकारा झाला आणि पाहतो तो मागच्या बाकावर दसाराम, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. सकाळच्या गाडीने स्वतःहून आले होते. कंपनीच्या वकिलांनी 'सदोष पद्धतीने' हे शब्द उच्चारताच ते उभे राहिले.

"सायेब, थे सदोष मानूस मी हाय. मले बोलू द्या."

अध्यक्षांनी परवानगी दिली.

"सगळ्या फरश्या भरीव हायेत," दसाराम म्हणाले, "एक सोडून. कोपऱ्यातली पोकळ हाय. मीच ठेवली. खाली धान हाय."

कंपनीचे वकील खुलले. "म्हणजे काम पोकळ होते, हे तुम्हाला मान्य आहे?"

"तेवढी एक. मान्य हाय." दसाराम त्यांच्याकडे वळले. "आता मायं एक आयका, वकीलसायेब. थे एकच पोकळ हाय, अन् थे एकच धड हाय. थे आधीच्या खेपेतली होती, माया घरून आनलेली. बाकी सगळ्या भरीव हायेत, तुमच्या पेटीतल्या हायेत, अन् त्याच सोलून रायल्या. माया हातानं खराब झाल्या असत्या, त आधी कोनती व्हाले पायजे होती?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. "तक्रारदार, त्या फरशीचे छायाचित्र जोडलेले दिसत नाही."

ते माझ्या पिशवीत होते. वहीच्या पुठ्ठ्यात दडवलेला माझा सर्वांत भक्कम पुरावा मी स्वतःच्या हाताने काढला आणि पुढे केला.

पुढे आयोगाने बाकीच्या सर्व फरशांना भोक पाडून तपासणी करवली आणि निकाल आमच्या बाजूने दिला. निकालपत्रात एक वाक्य होते: 'बसवणाऱ्या कारागिराच्या कामात दोष आढळून आला नाही.' मी त्याची साक्षांकित प्रत काढली आणि दसारामांच्या हाती दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात इतके दिवस बाळगली की घड्यांवर अक्षरे पुसली. नवी फरशी त्यांनीच बसवली. ज्या मालकीणबाईंनी त्यांना दारातून परत पाठवले होते, त्यांचे स्वयंपाकघर हे मिस्त्रींचे त्यानंतरचे काम. तिथे धान त्यांनी मागितले नाही, बाईंनीच सुपात काढून ठेवले होते.

आमची कोपऱ्यातली फरशी मात्र जुनीच राहिली. नव्या फरशांत तिचा रंग थोडा वेगळा दिसतो. पाहुणे विचारतात, आणि निर्मला त्यांना टाच आपटून आवाज ऐकवते.

दसाराम गेल्या हिवाळ्यात गेले. छातीत सिमेंटची धूळ बसली होती, असे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या पत्नी फुलवंताबाई बांधकाम मजुरांच्या मदतीचा अर्ज भरायला माझ्याकडे आल्या. शेवटच्या वर्षी मिस्त्रींच्या नोंदणीचे नूतनीकरण राहिले होते. आजारपणात कोणाला आठवणार. कामगार कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितले की त्याविषयी काही लिहू नका, कोणी पाहत नाही.

मी घरी येऊन अर्ज लिहायला घेतला. पहिल्याच परिच्छेदात लिहिले: 'मयताच्या नोंदणीचे नूतनीकरण अखेरच्या वर्षी झाले नव्हते. कारण पुढीलप्रमाणे.' आणि मग खाली त्यांची त्यापूर्वीची सगळी वर्षे लिहिली, एकेक घर, एकेक खोली, जेवढी मला आणि फुलवंताबाईंना आठवली तेवढी. साडेतीन पाने झाली.

मी वाचून दाखवले तेव्हा फुलवंताबाई पहिल्याच ओळीला अडल्या. "बाबूजी, आपल्या इरुद्धचं कायले लिवलं? तेही सगळ्यायच्या वर?"

"मी नाही लिहिले," मी म्हणालो. "मिस्त्रींनी लिहायला लावले."

फुलवंताबाईंनी पदराने डोळे टिपून शाईचा डबा जवळ ओढला आणि अंगठा पुढे केला.