पनागरच्या विहिरींचे आकडे

डोमाजी गजभिये जबलपूरला एका सरकारी कार्यालयात भूजल मोजणीचं काम करत. बावीस वर्षं ते जवळच्या पनागरच्या विहिरींत फीत सोडत आले. पाणी दरवर्षी खोल जात होतं. ते तसं लिहून देत, पण कागद साहेबाच्या टेबलावरच राही.

मग दिल्लीच्या राष्ट्रीय जल सल्लागार गटातून एक बाई आल्या. दोन दिवस डोमाजींसोबत विहिरी फिरून त्यांनी सगळे आकडे पडताळले आणि नव्या बोअरवेल थांबवायची शिफारस केली. महिन्याभरात ती मंजूर झाली.

"आता तं खूश व्हा," बायको हेमलता म्हणाली.

डोमाजी सुजलेले पाय चोळत होते.

"खूश आहो. पण हेच मी कवापासून सांगून राहिलो. तेवढ्या वर्षांत अकरा विहिरी आटल्या ना."